डबल ट्रॉली कारखान्याला लावताना रोज निघण्याआधी नेमकं काय तपासायचं?

नदीकाठ_शिरोळ

नमस्कार मंडळी. यंदाच्या गळीत हंगामाला ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावतोय. ५० एचपीचा ट्रॅक्टर, मागे दोन चारचाकी ट्रॉल्या. दोन्ही जुन्या, पुढच्या आसाला टर्नटेबल (आस वळवणारी गोल चकती) आहे, ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. फडापासून कारखाना १८ किलोमीटर. वाटेत एक उड्डाणपूल, आणि ओढ्याजवळ चांगला लांब उतार. दिवसा मी असेन, रात्री पगारी ड्रायव्हर.

हंगामाआधी गॅरेजला एकदा सगळं करून घेणारच आहे. माझा प्रश्न रोजचा आहे. भरलेली गाडी फडातून रस्त्याला लागताना आणि रिकामी गाडी कारखान्यातून बाहेर पडताना काय काय बघायचं, कुठून सुरू करायचं? "ऑइल-पाणी बघ, हवा बघ" एवढं सगळेच सांगतात. त्याच्या पुढचं सांगा. ड्रायव्हरला पंधरा-वीस मिनिटांत उरकेल असं हवं, नाहीतर चौथ्या दिवशी तो बघायचं सोडून देईल.

---

पाना_बारातेरा

दादा, "ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तपासणीची सुरुवात तिथूनच करा. आधी हिशेब बघा.

दोन ट्रॉल्यांत मिळून १६ टन ऊस धरू. दोन्ही ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन ४ टन, ट्रॅक्टर सव्वादोन टन. म्हणजे रस्त्यावर २२ टन धावतात. हे सगळं थांबवायला ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या दोन चाकांवर वजन असतं दीड-पावणेदोन टन. कोरड्या डांबरावर त्यातून मिळणारी पकड फार तर १.१ टनाची, म्हणजे एकूण वजनाच्या ५ टक्के. सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने चाललेली गाडी थांबायला ३० मीटरच्या आसपास लागतात, ३० च्या वेगाला ७० मीटर. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलंच नाही.

आता उतार घ्या. २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर २२ टनांना खाली ढकलणारा जोरही १.१ टनाचाच असतो. म्हणजे ब्रेकची सगळी ताकद वेग वाढू न देण्यातच संपते, थांबवायला काही उरत नाही. चाकांचं घर्षण थोडी मदत करतं, तेवढंच. ब्रेक कितीही नवीन असू दे, हा आकडा बदलत नाही, कारण कमी पडते ती टायरची पकड. म्हणून त्या १.१ टनातला एक किलोसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही.

रोजचं पहिलं काम म्हणजे दोन ब्रेक पॅडल जोडणारा खटका. शेतात वळायला पॅडल सुटे लागतात, म्हणून तो काढलेला असतो आणि फडातून बाहेर पडताना तसाच राहतो. रस्त्यावर २० च्या वेगात नुसता उजवा पॅडल दाबला गेला की उजवं चाक जाम होतं, डावं फिरत राहतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचे २० टन त्याला ढकलत नेतात. खटका बसलेला दिसतो म्हणून सोडू नका. पायाने फक्त डावा पॅडल दाबा आणि उजवा त्याच्याबरोबर खाली जातो का ते बघा. खटक्याची पिन झिजली असेल तर उजवा एक-दोन सेंटिमीटर मागे राहतो. मग दोन्ही चाकांना ब्रेक वेगवेगळ्या वेळी लागतो.

दुसरं, दोन्ही पॅडलचा मोकळा प्ले सारखा हवा. किती हवा ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं, आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. खटका काढून एकेक पॅडल हाताने दाबायचा आणि कुठे जड लागायला सुरुवात होते ते बघायचं. फरक असेल तर खालच्या रॉडच्या नटावर समान करून घ्या. हे आठवड्यातून एकदा पुरे.

तिसरी, खात्रीची चाचणी. नुसता ट्रॅक्टर, ट्रॉल्या न जोडता, मोकळ्या सपाट जागेवर १५ च्या वेगात न्या आणि जोडलेले पॅडल दाबा. उतरून मातीवरचे दोन्ही टायरचे घसरे बघा. एक लांब आणि एक आखूड असेल, किंवा ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल, तर काम निघालंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, आसाच्या नळीवर तेलाचा ओलावा दिसला तर सील गेलंय. जुन्या कोरड्या ब्रेकमध्ये ते तेल थेट लाइनरवर जातं.

पार्किंग ब्रेकच्या भरवशावर भरलेली गाडी उतारावर उभी करू नका. लाकडी उटीचे चार ठोकळे ट्रॅक्टरवरच ठेवा.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. ऑइलची पट्टी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघायची. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ भरते, ती इंजिनच्या बाजूने पुढे हवा मारून काढा, उलट मारली तर आणखी घट्ट बसते. सायलेन्सर आणि इंजिनच्या बेचक्यात साठलेलं पाचट मात्र दर खेपेला हाताने काढा. ते वाळून कोळसा झालेलं असतं आणि फडातच पेट घेतं.

---

चॅनेल_अँगल

वरच्या हिशेबाला माझी सहमती. आता ट्रॉलीकडे या. माझं काम ट्रॉल्या बांधायचं आणि दुरुस्तीचं आहे. जुन्या ट्रॉल्या घेतल्यात म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिन. तुमच्याकडे दोन पिना आहेत: ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली, पहिली ते दुसरी. दोन्ही रोज बाहेर काढून बघायच्या. जागेवरून बघून काही कळत नाही, कारण झीज मधोमध असते, जिथे ट्रॉली ओढायच्या दांड्याचं कडं घासतं. पिन पुसा आणि बोट वरून खाली फिरवा, मध्ये खळगा लागतो. व्हर्नियर असेल तर उत्तम. टोकाला मूळ जाडी मोजायची, मध्ये झिजलेली. ३ मिलिमीटरचा फरक आला की पिन बदला. खळग्यावर वेल्डिंग भरून परत वापरू नका, त्या उष्णतेने पिन तिथेच ठिसूळ होते आणि पुढच्या हिसक्याला कांडी मोडावी तशी मोडते. सळईचा तुकडा वाकवून पिन म्हणून घातलेला सर्रास दिसतो. ती सळई सिमेंटमध्ये घालायची वस्तू आहे. भोकात सैल बसते, प्रत्येक हिसक्याला आपटते आणि थोडी थोडी वाकत जाते.

पिनचं डोकं वर, आणि खालच्या भोकात स्प्रिंगची क्लिप. क्लिपच्या जागी तार किंवा खिळा नको. भरलेल्या गाडीत पिन दाबून बसलेली असते. रिकाम्या गाडीत दांडा नाचतो आणि खड्ड्यावर पिन वर उडते. म्हणून कारखान्यातून बाहेर पडताना क्लिप बघणं जास्त गरजेचं. तिथे काटा झाला की सगळ्यांना घरची घाई असते.

साखळी. चारचाकी ट्रॉलीचा दांडा पिन निघाली की सरळ रस्त्यावर पडतो आणि डांबरात रुततो. मागची ट्रॉली त्यावरून उलटते. दोन्ही जोडांना दांड्याखालून साखळी हवी, वळताना ताणणार नाही इतकी सैल, रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड. जनावराची साखळी चालत नाही. ग्रेड ८० ची १३ मिलिमीटर साखळी घ्या, तिच्यावर चालू वजन ५.३ टन लिहिलेलं असतं आणि तुटायची मर्यादा त्याच्या चौपट. साखळी पिनलाच अडकवू नका. पिन गेली की साखळीही जाईल. चॅनेलला (ट्रॉलीच्या सांगाड्याच्या लोखंडी तुळईला) वेगळी कडी करून घ्या.

पहिल्या ट्रॉलीचा मागचा आडवा चॅनेल. दुसरी ट्रॉली ओढायचा सगळा ताण यावर येतो. पुष्कळ जुन्या ट्रॉल्या एकट्या चालवायला बांधलेल्या असतात आणि मागचा हुक नंतर डकवलेला असतो. तडा वेल्डिंगच्या कडेने जातो. रंगावर केसासारखी लाल गंजाची रेघ दिसली की तिथे थांबा. खात्री करायला जुनी युक्ती आहे. तो भाग घासून साफ करा, डिझेलचं फडकं फिरवा, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने कडक पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा हे करा. दांड्याच्या मुळाशी आणि टर्नटेबलच्या भोवतीही करा.

तडा सापडला तर वरून नुसती वेल्डिंगची रेघ ओढून देणाऱ्याकडे जाऊ नका. तड्याच्या टोकाला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकाराची खाच काढून, भट्टीत वाळवलेल्या ७०१८ रॉडने तळापासून भरायचं. वर पट्टी मारायची असेल तर तिची टोकं निमुळती कापा. सरळ चौकोनी कापलेल्या पट्टीच्या कडेलाच पुढचा तडा जातो. वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर बॅटरीची वायर काढा.

हब आणि बेअरिंग. रोज फक्त हात लावायचा. कारखान्यावर पोचून नंबरला लागलात की आठही चाकांच्या हबला हाताची पालथी बाजू आधी जवळ नेऊन मग टेकवा. कोमट असेल तर ठीक. सात कोमट आणि एक चटका देणारं असेल तर त्या बेअरिंगचं ग्रीस संपलंय, नाहीतर नट जास्त आवळलाय. रिकामी झाली की तिथेच जॅक लावा. टायर वर-खाली धरून हलवा, 'खट' असा आवाज आला तर प्ले आहे. चाक फिरवा आणि कान द्या, खरखर आली तर बेअरिंग बदलायला झालंय.

नट बसवताना चाक फिरवत फिरवत जड होईपर्यंत आवळा, मग सहावा भाग ते पाव वळसा मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून परत घातलेली स्प्लिट पिन तुटते, नट फिरतो आणि चाक हबसकट बाहेर येतं. ग्रीस एपी ३, लिथियमचं. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये अंगठ्याने दाबून भरा, हबची पोकळी मात्र पूर्ण भरू नका, ते गरम होऊन सील फोडून बाहेर येतं. फडातली धूळ मागच्या सीलमधूनच आत जाते, म्हणून ग्रीस करताना सील नवंच टाका. त्याची किंमत बेअरिंगच्या मानाने काहीच नाही.

नट आणि टायर. सैल नट डोळ्याला कळतो. त्याच्या बुडातून डिस्कवर लाल गंजाची रेघ ओघळलेली असते. चाक बदललं असेल तर भरल्यावर पहिल्या खेपेनंतर परत आवळा.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. आकडा टायरच्या बाजूवर कोरलेला असतो. ऊन आणि वजनाने दुपारी हवा वाढलेली दिसते, ती काढू नका. काढली तर रात्री थंड झाल्यावर टायर मऊ पडतो, बाजू वाकून वाकून तापते आणि फुटते. रोज गेज लावायला वेळ नसेल तर हातोडीने ठोका. ठण्ण वाजला तर बरा, भद्द वाजला तर गेज लावा. जुन्या ट्रॉल्यांवर बहुतेकदा ट्रकवरून उतरवलेले टायर असतात. बाजूवर चार आकडे शोधा. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली आहे पण बाजूला बारीक भेगांची जाळी पडलीय, असा टायर भरल्या उसाखाली ठेवू नका. रिंगच्या रिमला (ज्यात टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेला असतो) हवा भरताना समोर बसायचं नाही, रिंग सुटली तर माणूस जातो. पिंजऱ्यात नाहीतर साखळी गुंडाळून, बाजूला उभं राहून लांब नळीने भरा.

---

बारा_व्होल्ट

लाइटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऊस रात्री चालतो आणि मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसत नाही. ६० च्या वेगातल्या दुचाकीला किंवा कारला ब्रेक लावून थांबायला ४५-५० मीटर लागतात. डिपरवर, अंधारात, न चमकणारी मळकी वस्तू दिसते तीही जेमतेम तेवढ्याच अंतरावरून, आणि समोरून कोणाचा अप्पर डोळ्यात असेल तर तीही नाही. तुमची ट्रॉली १५ च्या वेगाने चाललेली. त्यात उसाचे शेंडे मागे लोंबतात आणि लाइट झाकतात.

ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचं सॉकेट असतं. जोडणी ठरलेली आहे: १ डावा इंडिकेटर (पिवळी वायर), ३ अर्थ, म्हणजे अर्थिंग (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेल (तपकिरी), ६ ब्रेक लाइट (लाल), ७ डावा टेल (काळी). २ नंबरला निळी, ती साध्या ट्रॉलीला बहुधा लागत नाही. एकदा याप्रमाणे करून घेतलंत की कोणतीही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला लागते.

दहातले आठ बिघाड अर्थचे असतात. लोक पांढरी वायर टाकतच नाहीत, 'लोखंडातून येतंय की' म्हणतात. येतं ते पिन आणि कड्यातून, आणि तिथे ग्रीस, गंज आणि माती असते. खूण सांगतो. ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाइट नीट न पेटता टेल आणि इंडिकेटर मंद मिणमिणायला लागले, किंवा इंडिकेटर दिल्यावर दोन्ही बाजू एकदम फडफडल्या, की अर्थ सुटलाय. करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढत असतो.

वायर जाड घ्या. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटीपर्यंत अंतर मोठं आहे. दोन ट्रॉल्यांचे २१ वॅटचे चार ब्रेक बल्ब म्हणजे ७ अँपिअर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत शेवटच्या बल्बपर्यंत जोरच पोचत नाही, तो नुसता लालसर दिसतो. सिग्नलला दीड, अर्थला अडीच चौरस मिलिमीटर टाका. वायर चॅनेलच्या आतून न्या. बाहेरून नेलेली वायर भरताना मोळीखाली नाहीतर रिकामी करताना क्रेनच्या हिसक्यात तुटते.

रिफ्लेक्टरची पट्टी पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मागची पट्टी खालच्या आडव्या चॅनेलवर, ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीभर लावा, म्हणजे मागच्याला रुंदी कळते. दोन कोपऱ्यांत दोन तुकडे लावले तर लांबून ती मोटारसायकल वाटते. सरळ गंजक्या लोखंडावर चिकटवली तर पंधरा दिवसांत सुटते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून ती रिव्हेटने मारा. लाल फडकं रात्री काही चमकत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

रोजचं काम दोन मिनिटांचं. ऊस भरून झाला की लोंबणारे शेंडे कोयत्याने छाटा, ओल्या फडक्याने पट्टी आणि लाइटच्या काचा पुसा, मोळी बांधणाऱ्या कोणाला तरी मागे उभं करून टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर विचारून घ्या. फडातून बाहेर पडताना चाकांनी उडवलेला चिखल पट्टीवरच बसतो, म्हणून डांबरावर चढल्यावर पुसलं तर जास्त चांगलं.

---

नदीकाठ_शिरोळ

खूप आभार. पिना आजच काढून बघितल्या. पुढची ठीक आहे, मागची मध्ये ४ मिलिमीटर झिजलेली निघाली, बदलतोय.

दोन शंका. ड्रायव्हर म्हणतो ओढ्याच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आहे, डिझेल वाचतं. आणि उड्डाणपुलावर चढताना स्टिअरिंग हलकं लागतं, असं ट्रॅक्टरच्या आधीच्या मालकानेच सांगितलं. त्याचं काय करायचं?

---

पाना_बारातेरा

न्यूट्रलचं आधी, कारण ते आजच थांबवायला हवं. वर मांडलेले १.१ टन सगळे ब्रेकवर येतात, इंजिनचा अडथळा नाहीसा होतो. वेग ३५-४० झाला की परत गिअर पडत नाही, दात किरकिरतात आणि गाडी तशीच सुटते. ज्या गिअरमध्ये तो उतार भरल्या गाडीने चढता येईल, तोच गिअर उतरताना, आणि तो उताराच्या माथ्यावर, थांबून टाकायचा. मध्येच बदलायचा नाही, क्लचवर पाय ठेवायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडी धरून ठेवतंय असं कानाला कळलं पाहिजे. इंजिनचे फेरे वाढत जाऊन आवाज चिरका होत असेल तर ब्रेक थोडा थोडा, दाबून-सोडून लावा, सतत घासत ठेवू नका. डिझेलचा मुद्दाही खरा नाही. गिअरमध्ये पाय काढलेला असताना पंप डिझेल जवळपास बंदच करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं.

स्टिअरिंग हलकं लागणं म्हणजे पुढची चाकं रस्ता सोडायच्या बेतात आहेत. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहिला पाहिजे, तरच तो वळतो. ट्रॉली ओढताना मागच्या आसाभोवती ट्रॅक्टर वर उचलला जातो, आणि दांडा जितका उंच जोडलेला तितका जास्त. म्हणून दांडा खालच्या ड्रॉबारलाच, सर्वांत खालच्या भोकात. हायड्रोलिकच्या हातांना किंवा टॉप लिंकच्या जागी जोडला असेल तर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो, ते आधी बदला. पुढच्या बंपरला कंपनीने मान्य केलेली सगळी वजनं चढवा. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर पकड वाढते, ब्रेकलाही फायदा होतो. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून तीन चतुर्थांश भरायचं. मात्र पुढची वजनं न लावता नुसतं मागे पाणी भरलं तर पुढचा भाग आणखी हलका वाटेल.

हे करूनही पुलावर हलकं लागलं तर उत्तर एकच आहे, ऊस कमी भरा.

---

केनयार्ड_रात्रपाळी

शेवटच्या वाक्याला दुजोरा. एक जोड देतो. दोन ट्रॉल्यांत ऊस सारखा नसेल तर जड ट्रॉली पुढे हवी. मागची जड झाली की सपाट रस्त्यावरसुद्धा शेपटी डोलायला लागते, आणि ड्रायव्हर ती सावरायला ब्रेक मारतो, तेव्हा ती आणखी डोलते. अशा वेळी ब्रेक न मारता पाय काढायचा आणि वेग आपोआप पडू द्यायचा.

@चॅनेल_अँगल, साखळीबद्दल एक सुधारणा. दुसऱ्या जोडाची साखळी पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या आडव्या चॅनेललाच अडकवली आणि तोच चॅनेल तुटून आला, तर साखळी असून उपयोग नाही. ती पुढे लांब, मुख्य उभ्या चॅनेलला गेली पाहिजे.

---

चॅनेल_अँगल

बरोबर आहे तुमचं. मी कडी चॅनेलला म्हटलं पण कोणत्या ते लिहिलं नाही. उभ्या मुख्य चॅनेललाच, दोन्ही बाजूंना.

---

केनयार्ड_रात्रपाळी

बंद पडलेल्या गाडीबद्दलही लिहितो, कारण निघण्याआधी ते सामान गाडीवर आहे का हे बघणं तपासणीतच येतं. रात्री पंक्चर झालं की ट्रॉली सोडवून, टायर घेऊन ट्रॅक्टरने गावात जातात. ट्रॉली रस्त्याच्या कडेला, लाइट नसलेली, कारण लाइट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. चाकाला दगड लावलेले, आणि काम झालं की दगड तिथेच. पहाटे दूधवाला त्या दगडावर जातो.

म्हणून गाडीवर कायम: दोन चमकणारे लाल त्रिकोण, चुंबकाने चिकटणारा बॅटरीचा लाल लुकलुकता दिवा (दोन असले तर उत्तम, सेल महिन्यातून एकदा बदला), लाकडी उटी, दोरी बांधलेली, म्हणजे काढताना विसरत नाही, जॅक आणि त्याखाली टाकायला जाड फळी, मऊ मातीत जॅक रुततो म्हणून. एक जास्तीची पिन, दोन क्लिपा, टेलचे दोन बल्ब. त्रिकोण ट्रॉलीच्या बुडाशी ठेवून उपयोग नाही, ५० पावलं मागे, आणि वळण किंवा पूल असेल तर त्याच्याही अलीकडे.

क्रम विचारला होता ना? रात्रीच्या ड्रायव्हरला यादी देऊ नका, वाट ठरवून द्या. सीटवरून उतरायचं ते डावीकडून. ट्रॅक्टरचं डावं मागचं चाक, पहिली पिन-क्लिप-साखळी, पहिल्या ट्रॉलीची डावी दोन चाकं ठोकून, दुसरी पिन-क्लिप-साखळी, दुसऱ्या ट्रॉलीची डावी दोन चाकं, मागे येऊन पट्टी पुसणं आणि शेंडे, मग उजव्या बाजूने चार चाकं ठोकत परत पुढे. पुढची चाकं, बंपर, सायलेन्सरजवळचं पाचट. वर चढून पॅडलचा खटका आणि लाइट. वाट कायम एकच ठेवली की एखादी गोष्ट राहिली तर पायालाच चुकल्यासारखं वाटतं. सरावाने १२ मिनिटं लागतात, रिकाम्या गाडीला आणखी कमी. आणि फिरताना टेप बंद, इंजिन बंद. भद्द वाजलेला टायर आणि हवेची सुस्कार इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही.

---

नदीकाठ_शिरोळ

वाट ठरवून द्यायचं पटलं. खडूने ट्रॉलीच्या चाकांवर १ ते ८ आकडे घालून देतो, म्हणजे रात्री कोणतं हब गरम लागलं ते ड्रायव्हर फोनवर आकड्याने सांगेल.

---

चॅनेल_अँगल

खडू नको, पहिल्या पावसात किंवा दवात जाईल. ऑइल पेंटने घाला, डिस्कवर न घालता चाकाच्या वर, ट्रॉलीच्या चॅनेलवर. चाकं बदलतात, जागा बदलत नाही. एकाच जागेचं हब पुन्हा पुन्हा तापायला लागलं तर बेअरिंगवर खर्च करत बसू नका, तिथला आस वाकलाय का ते दोरी लावून बघा.